औषधी झाडं आपलं औषध ठेवतात कुठे? ब्लेड, गाजर आणि भिंग घेऊन बघायची रीत

पोट्टे तुळशीचं पान चुरगळतात, वास घेतात आणि वहीत लिहितात, ‘पानात सुगंधी तेल असते.’ पानात म्हणजे नेमकं कुठे, असं विचारलं की सगळे छताकडे बघतात. मी नागपुरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रॅक्टिकलची मांडामांड, स्लाइड करून देणं, परीक्षेला स्पॉट लावणं ही माझी कामं. शिकवतात सर, पण ‘मॅडम, हे काय दिसून राहिलं?’ हा प्रश्न जो टेबलापाशी उभा असतो त्यालाच विचारला जातो. म्हणून उत्तरं मलाही शोधावी लागली.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. झाड हे सगळं आपल्या काढ्यासाठी करत नाही. अळी, बुरशी, शेळी यांच्यापासून जीव वाचवायला करतं. आणि यातली बरीच द्रव्यं झाडाच्या स्वतःच्या पेशीलाही मारक असतात. त्यामुळे बनवायची जागा एक, ठेवायची दुसरी, आणि मधे नेण्याची सोय, असा सगळा बंदोबस्त असतो. कुठलंही औषधी झाड हातात आलं की तीन प्रश्न विचारायचे: कुठे बनतं, कसं जातं, कुठे कोंडलंय? तिसऱ्याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

सामान

दाढीचं नवं ब्लेड घ्या आणि कागदाच्या वेष्टनातच ठेवून उभं मोडा. अर्धं ब्लेड हातात नीट बसतं आणि बोटही वाचतं. एक गाजर, पांढरी बशी, पाणी, बारीक ब्रश, स्लाइड, कव्हरस्लिप, ग्लिसरीनचे चार थेंब. दहापट दाखवणारं हातातलं भिंग असलं तर तुळस आणि संत्र्याचं काम त्यावरच भागतं. बाकीच्यासाठी शाळा-कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक हवा. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफोर्डमधल्या गटाने काढलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ही चालतो, तो साधारण १४० पट मोठं दाखवतो.

पान नुसतं धरून कापता येत नाही, ते लोळतं. गाजराला उभी चीर द्या, त्या फटीत पान सरकवा आणि गाजरासकट कापा. ब्लेड ओलं ठेवायचं आणि स्वतःकडे एका ओढीत घ्यायचं. करवतीसारखं पुढे-मागे केलं की पेशी फाटल्याच म्हणून समजा. बरेच काप काढून बशीतल्या पाण्यात सोडा आणि त्यातला जो जवळजवळ दिसतच नाही तो ब्रशने उचला. जाड काप म्हणजे नुसता हिरवा अंधार.

हे काम पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या घरात असतो, पानं दहा वाजताच माना टाकतात आणि गाजरही चामडं होतं. मे मध्येच हौस आली तर सकाळी सहाला पान तोडा आणि गाजराच्या जागी बटाटा घ्या. पानं आपल्या अंगणातली किंवा शेजाऱ्यांना विचारून. महाराजबागेत किंवा सेमिनरी हिल्सवर जाऊन फांद्या ओरबाडू नका.

पहिली स्लाइड: लाल कांदा

औषधाच्या आधी कोठार ओळखायला शिका. लाल कांद्याच्या जाड पाकळीच्या बाहेरच्या अंगाची पातळ जांभळी साल चिमटीने ओढा आणि पाण्याच्या थेंबात पसरून बघा. सगळी पेशी जांभळी भरलेली दिसेल. आता अर्धा कप पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्या. दोन-चार मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आकसत जातो.

हा जांभळा रंग आहे ती रिक्तिका, पोरांच्या भाषेत व्हॅक्युओल. वाढलेल्या पेशीचा ८० ते ९० टक्के भाग तीच व्यापते. पुस्तकातल्या आकृतीत तिच्या जागी पांढरा ठिपका काढलेला असतो, त्यामुळे ती रिकामी जागा आहे असा सगळ्यांचा समज होतो. रिकामी कसली? आतला रस आंबट असतो. बाहेरच्या पेशीद्रवाचा सामू (पीएच) सातच्या थोडा वर, तर रिक्तिकेतला साडेपाचच्या आसपास. रिक्तिकेच्या पडद्यात प्रोटॉन आत ढकलणारे पंप असतात, त्यामुळे हा फरक टिकतो, आणि झाड त्यावर ऊर्जा खर्च करत राहतं.

या आंबटपणाचा उपयोग बघा. बरेचसे अल्कलॉइड (निकोटिनसारखी नायट्रोजनयुक्त वनस्पतिद्रव्यं) विद्युतभार नसताना पडद्यातून आरपार जातात. आत गेले की आम्लातला प्रोटॉन त्यांना चिकटतो, ते भारित होतात आणि परतीची वाट बंद. ही झाली फुकटातली कोंडी. ज्यांना असं जाता येत नाही त्यांच्यासाठी पडद्यात वाहक प्रथिनं असतात. काही थेट एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून माल आत घेतात, त्यांना एबीसी वाहक म्हणतात. काही एक प्रोटॉन बाहेर सोडतात आणि त्याच्या जोरावर माल आत ओढतात. हे मेट कुळातले. कित्येकदा झाड त्या द्रव्याला आधी साखरेचा रेणू जोडतं. त्याने ते पाण्यात विरघळतं आणि साठवणीत असेपर्यंत निरुपद्रवीही राहतं.

वाहक मात्र दिसणार नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव ०.२ मायक्रोमीटरपर्यंत, आणि ही प्रथिनं त्याहून कितीतरी बारीक. ‘मॅडम, वाहक कुठाय?’ असं विचारणाऱ्याला मी कोठार दाखवते आणि गप्प बसते.

तुळस

तुळशीसाठी काप काढायचीसुद्धा गरज नाही. ताजं पान उलटं करा, सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडू द्या आणि दहापट भिंग लावा. शिरांच्या मधल्या जागेत सोनेरी चमकणारे बारीक ठिपके दिसतील. त्यातच लांब टोकदार केसही असतात. पोट्टे त्या केसांनाच तेलाचे केस समजतात आणि मोठ्या हौसेने आकृती काढतात. ते नुसते काटे, तेल ठिपक्यांत.

आता पानाचा लहान तुकडा पाण्यात ठेवून १०० पटीखाली घ्या. ठिपका वरून गोल दिसतो आणि आत अधिक चिन्हासारख्या रेघा दिसतात, कारण त्याच्या डोक्यात चार पेशी असतात. (पुदिन्याचं पान मिळालं तर शेजारी ठेवा, तिथे चारऐवजी आठ मोजाल.) गोळा बाजूने दिसला पाहिजे, म्हणून पानाची कड वळवून ठेवा. चार पेशींच्या माथ्यावर मेणचट त्वचा फोडासारखी फुगलेली असते. तेल त्या पेशींत बनतं, पण तिथे राहत नाही. पेशींची भिंत ओलांडून ते त्या फोडात जमतं. सुईचं टोक हलकेच टेकवा, फोड बसतो आणि नाकाला लगेच कळतं.

यातला युजेनॉल फिनाइलअॅलॅनिन या अमिनो आम्लापासून पायरी-पायरीने तयार होतो. काही सुवासिक टर्पिनं मात्र पेशीतल्या लवकांमध्ये (हरितलवकाच्या जातीच्या कप्प्यांमध्ये) बनतात. म्हणजे एवढ्याशा चार पेशींतही दोन खाती आहेत. तेल भिंतीबाहेर कसं जातं, तर त्यात पडद्यातले वाहक असतातच, आणि मेदासारखे रेणू उचलून नेणारी लहान प्रथिनंही असतात. तंबाखूच्या पानावरच्या ग्रंथिल केसांत अशा प्रथिनाचं काम सापडलं आहे. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ज्या झाडातून येतं त्याच्याही पानावर असेच केस असतात, देठासकट एकूण दहा पेशींचे. तू यूयू यांना २०१५चं नोबेल मिळालं ते याच द्रव्यासाठी; उकळण्याऐवजी कमी तापमानाला अर्क काढल्यावर ते हाती आलं.

कृष्ण तुळस आणि हिरवी तुळस शेजारी ठेवली तर एक मजा दिसते. काळपट जांभळा रंग अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या सर्वांत बाहेरच्या थरातल्या पेशींच्या, रिक्तिकेत असतो, कांद्यासारखाच. वास वरच्या फोडांत. म्हणून ‘रंग गडद तेवढं तेल जास्त’ हा बाजारातला हिशेब मला पटत नाही. दोन्ही मालाची कोठारं वेगळी.

पानं वाळवणार असाल तर सावलीत पातळ पसरा आणि हाताळा कमी. नागपूरच्या उन्हात गच्चीवर टाकली की फोडांतलं तेल उडतं आणि हाती हिरवा पाला उरतो.

संत्र्याची साल

हे दोन मिनिटांचं काम, आणि दिवाळीच्या पुढेमागे अंबिया बहाराची संत्री आली की सालींना तोटा नाही. सालीचा आडवा काप घ्या. बाहेरच्या नारिंगी थरात गोल पोकळ्या दिसतील, भोवती चपट्या पेशींची कड. त्या कडेच्या पेशी तेल करतात आणि पोकळीत सोडतात. त्यात सर्वांत जास्त लिमोनिन. साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबा, फवारा उडतो आणि ठिणग्या दिसतात. पोरांना हे मोठ्यांसमोरच करू द्या. फुगवलेल्या फुग्यावर सालीचा फवारा मारला तर फुगा फुटतो, कारण लिमोनिन रबर विरघळवतं.

ओली हळद

दुकानातलं हळकुंड घेऊ नका. ते उकडून वाळवलेलं असतं. उकडताना आतला स्टार्च फुलतो आणि रंग सगळीकडे पसरतो, त्यामुळे कोठार मोडलेलं असतं. संक्रांतीच्या सुमारास बाजारात ओली हळद येते ती घ्या. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची मिळाली तर उत्तम.

पातळ काप पाण्यात ठेवून बघा. बहुतेक पेशी रंगहीन, स्टार्चच्या कणांनी ठासलेल्या, आणि मधे मधे एखादी पेशी पिवळीजर्द. सगळा कंद पिवळा दिसतो तो या विखुरलेल्या पेशींमुळे. आता पानवाल्याकडच्या चुन्याचं निवळलेलं पाणी एका कडेने सोडा. त्या पेशी लालसर तपकिरी होतात. हळदीपासून कुंकू होतं ते याच रासायनिक बदलाने. दुसरा काप पाण्यात आणि तिसरा स्पिरिटमध्ये ठेवा. पाण्यात रंग जवळपास जागचा हलत नाही, स्पिरिटमध्ये धावत सुटतो. कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कांद्याच्या जांभळ्या रंगासारखं ते रसात तरंगत राहू शकत नाही. त्याला वेगळी, तेलकट द्रव्यांची पेशी लागते. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर खोलीत अंधार करून कापावर मारा, पिवळा-हिरवा उजेड दिसेल.

हिरडा, आवळा, डाळिंबाची साल

गंजके खिळे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. त्या पाण्याचा थेंब ताज्या कापावर टाका. जिथे टॅनिन (तोंडाला तुरट लागणारं द्रव्य) आहे तिथे निळसर काळं होतं, आणि सगळ्या पेशी सारख्या काळ्या होत नाहीत, हेच बघायचं. टॅनिनही शेवटी रिक्तिकेतच जातं. पण त्याचा प्रवास हरितलवकातून सुरू होतो: तिथे बारीक पिशव्या भरतात आणि त्या रिक्तिकेपर्यंत पोचतात. हे २०१३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानातला वाळका हिरडा कापायला दगड असतो. तो रात्रभर भिजवा किंवा सरळ आवळा घ्या.

मोहरी आणि लसूण: दोन कप्प्यांची गोष्ट

इथे सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवा आणि नाक वापरा. मोहरीचा अख्खा दाणा हुंगा, काही नाही. पाणी घालून फेसा, नाकात झिणझिण्या. फोडणीत तडतडलेल्या मोहरीला ती झणक येत नाही. झणक मोहरीत तयार पडलेली नसतेच. एका प्रकारच्या पेशींत साखर जोडलेलं, गंधकयुक्त द्रव्य. शेजारच्या दुसऱ्या पेशींत ती साखर तोडणारं विकर (एन्झाइम). दाणा चिरडला की दोन्ही भेटतात आणि झणक तिथल्या तिथे तयार होते. अॅरल्डाइटच्या दोन नळ्या मिसळल्याशिवाय चिकटत नाहीत, तसंच. गरम तेलात विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी गप्प.

लसणातही हाच कारभार चालतो. अॅलिन हे गंधकयुक्त द्रव्य पेशीद्रवात, ते तोडणारं विकर रिक्तिकेत. एक पाकळी कच्ची ठेचा, दुसरी अख्खी उकळून मग ठेचा आणि वास घ्या. फरक सांगावा लागत नाही.

सदाफुली

हे झाड माझ्या आवडीचं. मूळ मादागास्करचं, पण नागपूरच्या मे महिन्यात बाकी कुंड्या करपतात तेव्हाही फुलून असतं. कॅनडातल्या नोबल आणि बीअर यांनी १९५८ मध्ये यातून विनब्लास्टिन वेगळं केलं. शोध चालला होता मधुमेहाच्या औषधाचा. अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात हे लक्षात आलं आणि कर्करोगाचं औषध हाती लागलं. मात्र एक ग्रॅम विनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. एवढं कमी काहून? त्याचं उत्तर पानाच्या रचनेत आहे.

काम सुरू होतं शिरेजवळ, आतल्या रसवाहिनीला लागून असलेल्या पेशींत. तिथे अर्धाकच्चा माल तयार होतो, लोगॅनिक आम्लापर्यंत. ते पानाच्या अपित्वचेत जातं; त्याला पेशीत घेणारी वाहक प्रथिनं सापडली आहेत. अपित्वचेच्या पेशींत त्याचं सेकोलॉगॅनिन होतं, आणि रिक्तिकेत ते ट्रिप्टामिनला जोडलं जाऊन स्ट्रिक्टोसिडिन बनतं. त्यावरची साखर तोडणारं विकर बसलंय कुठे? केंद्रकात! शांतपणे काम चालू असतं तेव्हा वाहक थोडं थोडं स्ट्रिक्टोसिडिन रिक्तिकेबाहेर सोडतो आणि पुढची साखळी चालते. अळीने पान चावलं की रिक्तिका आणि केंद्रक दोन्ही फुटतात, सगळं एकदम मिसळतं, आणि जे तयार होतं ते प्रथिनांना चिकटून त्यांचे गठ्ठे करतं. अळीच्या तोंडातच.

पुढच्या पायऱ्या पुन्हा दुसऱ्या पेशींत, शेवटच्या तर पानात विखुरलेल्या खास पेशींत आणि चिकाच्या नळ्यांत. विनब्लास्टिन दोन अर्धुकांचं: कॅथरँथिन आणि विंडोलिन. २०१०च्या एका अभ्यासात असं दिसलं की कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात येऊन बसतं आणि विंडोलिन पानाच्या आतच राहतं. कॅथरँथिन बाहेर टाकणारा एबीसी वाहकही नंतर ओळखला गेला. दोन अर्धुकं वेगळ्या जागी, म्हणून जोडी जमते कमी. उत्पादन तुटपुंजं असण्याचं हे एक कारण मानलं जातं.

बघायचं असेल तर पानाचा आडवा काप आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात ठेवा. अल्कलॉइडच्या जागी तपकिरी गाळ दिसतो. स्टार्च निळा-काळा होतो, तो सोडून द्या. प्रथिनंही तपकिरी होतात, म्हणून दुसरा काप आधी ५ टक्के टार्टारिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये धुऊन घ्या आणि मग तेच द्रावण लावा. अल्कलॉइड धुऊन जातात, प्रथिनं राहतात. पहिल्या कापात तपकिरी आणि दुसऱ्यात कोरी, अशी पेशी सापडली तर ती तुमची. हे काम धीराचं आहे, एका तासिकेत होत नाही.

सदाफुलीची पानं चावून खाणारे लोक आहेत म्हणून लिहिते: खाऊ नका. ज्या द्रव्याने पेशी विभागायच्या थांबतात ते दवाखान्यात मोजून, शिरेतून देतात.

लांबचा प्रवास: तंबाखू

नागपुरात खर्रा घोटणाऱ्या माणसाला विचारा, निकोटिन कुठे बनतं? पानात, म्हणेल. बनतं मुळांत. तिथून जलवाहिनीतून पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांच्या रिक्तिकांत कोंडलं जातं. १९४०च्या दशकात कलमं करून हे दाखवलं गेलं: तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानात निकोटिन येतं, आणि टोमॅटोच्या मुळावर तंबाखू बांधली तर तिच्या पानात ते नावापुरतंच उरतं. पान कुरतडलं की जॅस्मोनेट हा संदेश मुळापर्यंत जातो आणि तिथलं उत्पादन वाढतं. शेतकरी शेंडा खुडतात तेव्हाही पानातलं निकोटिन वाढतं. यात बघण्यासारखं काही नाही, पण ‘कसं जातं’ या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरं मिळत नाही.

कोरफड आणि रुई

कोरफडीचं पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून वाटीत उभं ठेवा. कडू पिवळा रस ठिबकेल. तो सालीच्या लगेच खालच्या शिरांपाशी असलेल्या पेशींतला, त्यात अॅलॉइन असतं. मधला पारदर्शक गर वेगळा. आडव्या कापात पिवळ्या ठिपक्यांची रांग सालीला समांतर दिसते.

रुईच्या चिकाच्या नळ्या पानाच्या शिरेचा उभा काप घेतला तर दिसतात, पण चष्मा आणि हातमोजे घालूनच. तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लहान पोरांना रुई देऊच नका.

वहीत प्रत्येक झाडासाठी तीन ओळी ठेवा: बनतं, जातं, साठतं. आणि प्रत्येक ओळीपुढे ‘पाहिलं’ की ‘वाचलं’ ते प्रामाणिकपणे लिहा. आकृतीत दिसल्या तेवढ्याच पेशी काढा, पट किती ते खाली लिहा. ‘जातं’ या ओळीपुढे जवळजवळ सगळीकडे ‘वाचलं’ येईल. येऊ द्या, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवतात, आणि तिथे ‘पाहिलं’ लिहिलेलं असलं की पुढची दहा मिनिटं पोराची खैर नसते.